पडद्यावरचा सामाईक दिवस

१९८९ सालातला कोणताही एक रविवार घ्या. यवतमाळमध्ये आम्ही राहत होतो त्या वाड्यात दूरचित्रवाणी संच एकच होता आणि तोही घरमालकांच्या ओसरीवर. मी तेव्हा महाविद्यालयात कला शाखेचा विद्यार्थी होतो. सकाळी ‘महाभारत’ सुरू होण्यापूर्वी कौलांवर चढून अँटेना फिरवण्याचे काम माझ्याकडे असे. पडद्यावरच्या मुंग्या नाहीशा झाल्या की खालून एकच गिल्ला होई, ‘‘थांब, आता हालवू नको!’’ तोवर अंगणात सतरंज्या पडलेल्या असत. पुढे लहान मुले, त्यांच्यामागे आयाबाया, भिंतीला टेकून पुरुष मंडळी आणि दाराशी, उठून जाणे सोपे जावे म्हणून, मोलमजुरी करणारी माणसे.

‘महाभारत’ संपले की निम्मे लोक उठत आणि निम्मे तसेच बसून राहत. बसून राहणाऱ्यांच्या पदरात बरेच काही पडे. श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ होती. दुपारी कर्णबधिरांसाठी हातांच्या खुणांनी सांगितलेल्या बातम्या असत आणि त्या आम्ही धडधाकट कानांची माणसेही टक लावून पाहत असू. त्यानंतर एखादा प्रादेशिक चित्रपट असे. कधी बंगाली, कधी मल्याळी, कधी असमिया. भाषा कुणालाच कळत नसे, तरी घरमालकांच्या आजी शेवटपर्यंत बसत आणि पडद्यावरच्या सुनेच्या दुःखाने डोळे पुसत. संध्याकाळी हिंदी चित्रपट. इतर दिवशी ‘कृषिदर्शन’, विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक पाठ, रात्री बातम्या आणि उशिरा शास्त्रीय गायन-वादन.

आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याकडे एक सालदार होता. ‘चित्रहार’ चुकू नये म्हणून तो तास-दीड तास आधीच येऊन दाराशी उकिडवा बसे. त्यामुळे ‘कृषिदर्शन’ त्याच्या कानावर आपोआप पडे. एकदा पेरणीपूर्वी बियाण्यावर करायच्या प्रक्रियेची माहिती त्याने अशीच ऐकली आणि दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर उभे राहून मालकाला सांगितली. मालक आधी हसला. पण पुढच्या मृगात त्याने तसे करून पाहिले. अक्षरओळख नसलेल्या माणसाने शिकलेल्या माणसाला शेतीतली एक गोष्ट शिकवली, आणि ती त्याला मिळाली होती गाण्यांची वाट पाहता पाहता.

आज मागे वळून पाहताना जाणवते की, त्या काळच्या दूरचित्रवाणीचे खरे सामर्थ्य याच एका गोष्टीत होते. जे मागायला आपण गेलो नव्हतो, तेही तिथे मिळत असे.

संमिश्र दिवसाची कल्पना

ही कल्पना मुळात आपली नव्हे. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी प्रसारण सुरू केले, त्याआधीच तिचे पहिले महासंचालक जॉन रीथ यांनी नभोवाणीसाठी एक सूत्र ठरवून दिले होते. माहिती द्यावी, शिक्षण द्यावे आणि मनोरंजन करावे, या तिन्ही गोष्टी एकाच प्रसारणाने कराव्यात. बीबीसीच्या मुख्य वाहिनीचा दिवस आजही बव्हंशी त्याच घडणीचा आहे. सकाळी बातम्या, दुपारी घरगुती विषय, संध्याकाळी कौटुंबिक मालिका, मग निसर्गावरचा एखादा भव्य माहितीपट, शनिवारी फुटबॉल. रविवारी चर्चमधील सामुदायिक प्रार्थनागीतांचा कार्यक्रम असतो. तो १९६१ पासून चालू आहे. बीबीसी भारताचे जे चित्र जगापुढे रंगवते, त्याविषयी आपले तीव्र आक्षेप आहेत आणि ते कायमच राहतील. परंतु आपल्या समाजासाठी तिने दिवस कसा आखला, हे पाहायला त्या आक्षेपांची अडचण होण्याचे कारण नाही.

आपल्याकडे १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र आले आणि मराठी माणसाला घरातल्या घरात स्वतःच्या भाषेचा पडदा मिळाला. आमच्याकडे प्रारंभी प्रामुख्याने दिल्लीचेच कार्यक्रम दिसत. मुंबई केंद्राचे कार्यक्रम मी पाहिले ते उन्हाळ्याच्या सुटीत डोंबिवलीला मामांकडे. ‘गजरा’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘छायागीत’ आणि ‘आमची माती आमची माणसं’. मामा लोकलने दमून घरी येत, हातपाय धुऊन बातम्यांची वाट पाहत बसत, आणि शेतीचा कार्यक्रम त्यांच्यासमोर चालू असे. ज्यांनी जन्मात कधी औत धरले नाही, त्या मामांना कपाशीवरची बोंडअळी आणि ज्वारीवरचा काणी रोग तोंडपाठ होता. मला ते विचारत, ‘‘काय रे, तुमच्याकडे पाऊस वेळेवर झाला का?’’ हा प्रश्न त्यांना त्या पडद्याने शिकवला होता.

आकाशानंद यांच्या ‘ज्ञानदीप’ने तर याहून पुढचे पाऊल टाकले. कार्यक्रम पाहणाऱ्यांनी एकत्र येऊन ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळे स्थापन केली. प्रेक्षक नुसता प्रेक्षक राहिला नाही, तो कार्यकर्ता झाला. दूरचित्रवाणी समाजात काय करू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मराठीत शोधावे लागेल.

दोषांकडे डोळेझाक नको

तो काळ सोन्याचा होता, असे मात्र मी म्हणणार नाही. दूरदर्शन सरकारच्या मुठीत होते. आणीबाणीत ते कुणाची भाषा बोलत होते, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. अनेकांच्या घरांनी त्या एकवीस महिन्यांची किंमत मोजली आहे. फेब्रुवारी १९७७ मध्ये रामलीला मैदानावर विरोधकांची सभा होती, तेव्हा लोकांनी घरीच थांबावे म्हणून दिल्ली दूरदर्शनवर ‘बॉबी’ दाखवल्याची हकिगत प्रसिद्धच आहे. एकच पडदा असला की तो जोडतो तसाच झाकतोही. कार्यक्रम रटाळ असत, मंत्र्यांच्या उद्घाटनांना अंत नसे आणि ‘व्यत्यय’ची पाटी तर घरच्या माणसासारखी परिचयाची झाली होती.

म्हणूनच १९९१-९२ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या तेव्हा आपण सर्वांनी मोकळा श्वास घेतला, आणि तो योग्यच होता. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक संपत्ती असून त्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे स्पष्ट केले. १९९० चा प्रसार भारती कायदा १९९७ मध्ये अंमलात आला. शतकाच्या वळणावर खाजगी मराठी वाहिन्याही आल्या. पर्याय वाढले, स्पर्धा आली, तंत्र सुधारले.

परंतु या सुधारणेत एक गोष्ट निसटली आणि ती निसटल्याचे कुणाच्या ध्यानीही आले नाही. पूर्वी एका दिवसात जे वेगवेगळे कार्यक्रम शेजारी शेजारी बसत होते, ते आता वेगवेगळ्या वाहिन्यांत राहायला गेले. बातम्यांचे घर वेगळे, क्रीडेचे वेगळे, भक्तीचे वेगळे, चित्रपटांचे वेगळे. कार्यक्रमांनी वेगळी चूल मांडली आणि त्यांच्यामागोमाग माणसांनीही. डोंबिवलीतील आजच्या भाच्याला कपाशीवरची बोंडअळी भेटण्याचे काही कारणच उरलेले नाही. यवतमाळ त्याला भेटते ते एकाच बातमीतून, शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या. आमच्या जिल्ह्यात चिंतामणीचे कळंब आहे, लोकनायक बापूजी अणे यांचे वणी आहे, कोलाम बांधवांचे पोड आहेत, उत्तम गाणारी, लिहिणारी, शेती करणारी माणसे आहेत. त्यांच्या पाऊलखुणा राष्ट्रीय पडद्यावर उमटत नाहीत. तिथे आमच्या नावापुढे एकच शब्द चिकटलेला आहे.

फवारणीचा तो हंगाम

हा केवळ आठवणींचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न असता, तर मी लेखणी उचलली नसती. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात जे घडले, त्याने मला या विषयाचा वेगळा विचार करायला लावला.

त्या वर्षी कपाशी चांगलीच वाढली होती; काही ठिकाणी माणसाच्या खांद्यावर गेली होती. किडींचा जोर होता. उकाडा आणि दमटपणा होता. मजूर पाठीवर पंप बांधून त्या दाट झाडोऱ्यात शिरत आणि त्यांच्या तोंडासमोरच औषधाचा फवारा उडे. बॅटरीवर चालणाऱ्या नव्या पंपांतून तुषार अतिशय बारीक येत. दोन-तीन कीटकनाशके एकत्र कालवण्याची रीत पडली होती. तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत, अंगात बाह्यांचा सदरा नाही. जुलैपासून रुग्णालयात माणसे येऊ लागली. उलट्या, अंधारी, श्वास कोंडणे. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले. राज्य शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. मग देशभरातील वाहिन्यांच्या गाड्या यवतमाळला आल्या. मरण घडून गेल्यानंतर, ते मोजण्यासाठी.

त्या दिवसांत वार्ताहर म्हणून मी रुग्णालयाच्या व्हरांड्यात अनेकदा उभा राहिलो. दगावलेल्यांत आणि आजारी पडलेल्यांत दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करणारे मजूर पुष्कळ होते. एका मजुराच्या पत्नीला मी विचारले, ‘‘घरी टीव्ही आहे का?’’ ती म्हणाली, ‘‘आहे नं भाऊ. छत्री बसवली हाय.’’ पुढे मी विचारले, ‘‘मग फवारणीची माहिती कधी पाहिली का?’’ ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, ‘‘थे कुठी लागते?’’

तिच्या या तीन शब्दांत सारे आले. माहिती प्रसारित होतच नव्हती, असे नाही. २६ मे २०१५ रोजी केंद्र सरकारने खास शेतकऱ्यांसाठी चोवीस तासांची किसान वाहिनी सुरू केली होती. हेतू निःसंशय उदात्त होता आणि त्या वाहिनीवर उपयुक्त कार्यक्रम आहेत. पण स्वतंत्र वाहिनी त्यालाच भेटते, जो तिच्याकडे चालून जातो. भूमिहीन मजूर स्वतःला शेतकरी समजत नाही. किसान वाहिनी आपल्यासाठी आहे, असे त्याला वाटण्याचे कारण नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तो मालिका लावतो, चित्रपट लावतो, आणि त्यात गैर काय? आमच्या वाड्यातला सालदार तरी कुठे ‘कृषिदर्शन’ पाहायला येत होता! तोही गाणीच ऐकायला येत होता. फरक एवढाच की, त्याच्या गाण्यांच्या वाटेवर बियाण्याची प्रक्रिया उभी होती. २०१७ च्या मजुराच्या वाटेवर मास्क आणि मोजे कुणी उभे केले नव्हते.

एका पडद्याने ती सगळी माणसे वाचली असती, असा दावा करणे अप्रामाणिकपणाचे होईल. औषधे विकणारे, मिसळायला सांगणारे, देखरेख न ठेवणारे, संरक्षक साहित्य न पुरवणारे असे अनेक दोषी या साखळीत होते. तरी ज्याला धोका ठाऊकच नाही, त्याच्यापर्यंत तो सांगायला कुणी तरी न बोलावता जावे लागते, एवढे तरी त्या हंगामाने शिकवावे.

ते काय करतात, आपण काय करतो

येथे पुन्हा बीबीसीकडे पाहणे उपयुक्त ठरेल. ब्रिटनमध्ये शेतीवर जगणारी माणसे शेकड्यात दोनही नाहीत. तरीही १९८८ पासून तिथे ‘कंट्रीफाइल’ नावाचा ग्रामीण जीवनावरचा कार्यक्रम मुख्य वाहिनीवर चालतो. २००९ मध्ये तो रविवारी सकाळवरून संध्याकाळच्या ऐन गर्दीच्या वेळेत आणला गेला, तेव्हा तो चालणार नाही, असे अनेकांना वाटले असेल. प्रत्यक्षात लक्षावधी शहरी कुटुंबे तो पाहू लागली. त्यात शेतकऱ्यांचे प्रश्न असतात, जनावरांचे आजार असतात आणि येत्या आठवड्याचा हवामानाचा अंदाज असतो. नभोवाणीवर तर १९५१ पासून ‘द आर्चर्स’ ही एका शेतकरी गावाची मालिका अखंड चालू आहे. युद्धानंतरच्या टंचाईत शेतीचे नवे ज्ञान कथेतून पोहोचवावे, हा तिचा मूळ उद्देश होता. औषध गुळात घालून द्यावे, तसा हा प्रकार.

वाटणीचा रोग अर्थात तिथेही शिरलाच आहे. डिसेंबर २०१२ मध्ये मुलांचे कार्यक्रम मुख्य वाहिनीवरून उठवून मुलांच्या वेगळ्या वाहिन्यांकडे धाडण्यात आले. तरी शेतीला त्यांनी वाळीत टाकले नाही. आपल्या देशात श्रमणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के माणसे शेतीत आहेत, आणि आपण मात्र शेतीला वेगळी वाहिनी देऊन मुख्य पंगतीतून उठवले. पंगतीत वेगळे पान मांडण्याचा अर्थ आपल्या समाजाला चांगलाच ठाऊक आहे. सन्मानासाठी मांडले, तरी त्यावर बसणारा वेगळाच राहतो. २०२४ च्या मे महिन्यात किसान वाहिनीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे दोन निवेदक आणले. तंत्राचे कौतुक आहे. पण ‘आमची माती आमची माणसं’ या नावातील ‘माणसं’ हा शब्द त्या दिवशी मला फार आठवला.

‘मोबाइलमध्ये सारे आहे’

यावर तरुण मित्र म्हणतात, आता दूरचित्रवाणीची गरजच काय? प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. पाऊस, बाजारभाव, फवारणी, काय हवे ते विचारा, क्षणात उत्तर मिळते. हे खरे आहे आणि अनेक शेतकरी त्याचा उत्तम उपयोग करतात. तथापि, फोनला आधी प्रश्न विचारावा लागतो. ज्याला प्रश्नच सुचलेला नाही, त्याला फोन उत्तर देत नाही. उलट काल जे पाहिले त्याच्याच जातीचे आज आणखी दहा पुढे करतो. विनोद पाहिला की विनोद, भांडण पाहिले की भांडण. माणूस स्वतःच्याच आवडीच्या कोठडीत कोंडला जातो आणि त्या कोठडीला तो स्वातंत्र्य म्हणतो.

आपल्या घरात हे रोज घडत आहे. वडील एका खोलीत वृत्तवाहिनीवरची हमरीतुमरी पाहतात, आई मालिका, मुलगा क्रिकेट, मुलगी फोनवर काहीतरी आणि आजोबा कीर्तन. एका छपराखाली पाच वाहिन्या चालू असतात. कुणी कुणाचे पाहत नाही, म्हणून कुणाला कुणाच्या मनातले कळत नाही. एका संचासमोर बसून चॅनेलसाठी होणारी भांडणे त्रासदायक होती खरी. पण त्या भांडणांतूनच बापाला मुलाचा आवडता खेळाडू कळे आणि नातवाला आजोबांचा राग यमन.

करता येण्यासारखे

उपाय नवे शोधावे लागत नाहीत, हाताशी असलेले वापरावे लागतील. केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार खाजगी वाहिन्यांनी, काही अपवाद वगळता, दररोज अर्धा तास राष्ट्रीय महत्त्वाच्या आणि सामाजिक विषयांना द्यायचा आहे. शिक्षण, शेती व ग्रामविकास, आरोग्य, महिला कल्याण असे विषय त्यात स्पष्टपणे दिलेले आहेत. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंतचा काळ त्यात धरला जात नाही. मात्र हा अर्धा तास तुकड्या-तुकड्यांत वाटण्याची मुभा आहे. माझी सूचना साधी आहे. मराठी वाहिन्यांनी यातला काही भाग रात्री आठ ते दहा या वेळेत, मालिकांच्या मधोमध, मराठीत आणि हंगामाला धरून द्यावा. जूनमध्ये बियाणे, ऑगस्टमध्ये फवारणी, परीक्षांच्या दिवसांत विद्यार्थ्यांचे मन. गृहिणीनेही फवारणी पाहावी. कारण मजुराने काय तोंडाला बांधले आहे, हे डबा घेऊन शेतात जाणारी तीच पहिल्यांदा पाहणार असते.

सह्याद्री वाहिनीवर शेतीला, साहित्याला, संगीताला आजही जागा आहे. तिने ‘कंट्रीफाइल’प्रमाणे एक आठवडी कार्यक्रम रविवारच्या मुख्य वेळेत द्यावा आणि तो दर वेळी एका जिल्ह्यातून यावा. आत्महत्येच्या बातमीशिवाय यवतमाळ दिसेल, असा एक तास. दूरदर्शनच्या मोफत छत्रीमुळे कोट्यवधी घरांत ही वाहिनी विनाशुल्क पोहोचू शकते. त्या घरांकडे बाजार वळणार नाही, म्हणून सार्वजनिक प्रसारकाने वळायचे असते.

तिसरी गोष्ट आपल्या हातातली आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ घरात एकच पडदा चालू ठेवावा. काय पाहायचे ते दर आठवड्याला वेगळ्या माणसाने ठरवावे. आजोबांनी, नातीने, आणि घरात कामाला येणाऱ्या बाई थांबल्या तर त्यांनीही. बाकीच्यांनी निमूटपणे बसावे, कंटाळा आला तरी. एकेकाळी ज्ञानदीप मंडळे निघाली ती अशाच बसण्यातून. आपल्यापैकी अनेकांना वस्त्यांत, गावांत जाऊन बैठका घेण्याची सवय आहे. एखाद्या बैठकीत दहा मिनिटे फवारणीची चित्रफीत दाखवायला कितीसा खर्च येतो?

आमचा वाडा आता नाही. त्या जागी तीन मजली इमारत उभी आहे आणि तिच्या गच्चीवर छत्र्यांची रांग आहे. प्रत्येक घराची वेगळी. कपाशीचा हंगाम आला की माझे लक्ष त्या रांगेकडे जाते आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यातला तो प्रश्न आठवतो, ‘‘थे कुठी लागते?’’ तिला उत्तर देणे अजून बाकी आहे. पुढच्या फवारणीआधी ते दिलेले बरे.